गळ्यातला माइक आणि वर्णमालेचा तक्ता

बसल्या जागी एक प्रयोग करा. आजूबाजूला हापिसातलं कोणी नाही ना, एवढं बघून घ्या. दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवा आणि भुंगा घोंगावतो तसा 'झ्झ्झ' असा लांब आवाज काढा. बोटांना थरथर जाणवेल. आता जीभ, दात, ओठ काहीही न हलवता 'स्स्स' करा. थरथर गायब! कानांना 'स' व्यवस्थित ऐकू येतोय, पण बोटांना त्याचा पत्ताच नाही. 'फ्फ्फ' करून बघा, 'श्श्श' करून बघा. बोटं ढिम्म.

तुमची ती दोन बोटं म्हणजे थ्रोट मायक्रोफोन, गळ्याला पट्ट्याने बांधायचा माइक. तो हवेतला आवाज जवळजवळ ऐकतच नाही, कातडीची थरथर तेवढी टिपतो. त्यामुळे शेजारी चार इंजिनं धडधडत असली तरी त्याला फारसा फरक पडत नाही. वॉकीटॉकीला लावायचे असे माइक आजही मिळतात आणि सिनेमातल्या कमांडोंच्या गळ्यात ते दिसतातही झकास. दुसऱ्या महायुद्धात मात्र तो दिसण्यासाठी नव्हता. रणगाड्यातल्या आणि विमानातल्या माणसांचं जगणं-मरणं त्यातून गेलेल्या एखाद्या शब्दावर ठरू शकत होतं. आणि त्याच युद्धात, हा माइक ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न काही माणसांनी मतं मांडून नव्हे तर मोजून सोडवला. मला ती मोजणी फार आवडते. म्हणून आजचा लेख त्यावर.

आधी यंत्र समजून घेऊ. त्या काळातले बरेचसे गळ्याचे माइक कार्बनचे होते. म्हणजे आत एक छोटी डबी, डबीत कोळशाचे बारीक दाणे, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि बॅटरीचा प्रवाह त्या दाण्यांतून जातोय. दाणे दाबले गेले की एकमेकांना घट्ट चिकटतात आणि प्रवाह वाढतो, सैल झाले की कमी होतो. झालं! थरथरीची वीज तयार. ही युक्ती 1870 च्या दशकातली, टेलिफोनच्या बाल्यावस्थेतली. तिचा मोठा फायदा म्हणजे मिळणारा सिग्नल दणदणीत असतो. इतका, की टेलिफोनवाल्यांचं अनेक वर्षं वेगळ्या अँप्लिफायरशिवाय भागलं. तोटा म्हणजे दाणे कधीकधी एकत्र गठ्ठा होऊन बसतात, मग माइकला टिचकी मारायची. जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर हातावर आपटणारे आजोबा ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको.

गळ्याच्या माइकमध्ये अशा दोन डब्या असायच्या, कोटाच्या मोठ्या बटणाएवढ्या. घाटीच्या डाव्या-उजव्या बाजूला टेकवायच्या आणि मागून लवचिक पट्टा.

जर्मन रणगाडेवाल्यांनी तो मनापासून स्वीकारला, आणि त्यामागे एक माणूस होता, हाइन्झ गुडेरियन. रणगाड्यांच्या विजेच्या वेगाच्या लढाईशी त्याचं नाव जोडलं जातं, पण तो मुळात रेडिओवाला होता हे फारसं कोणी सांगत नाही. 1914 साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा घोडदळाच्या डिव्हिजनबरोबरचं एक वायरलेस स्टेशन त्याच्या ताब्यात होतं. संदेश वेळेवर न पोचल्याने सैन्याचं काय होतं हे त्याने अगदी जवळून पाहिलं. पुढे 1935 साली जर्मनीच्या पहिल्या तीन पॅन्झर डिव्हिजन उभ्या राहिल्या, तेव्हा प्रत्येक रणगाड्यात रेडिओ हवा हा त्याचा आग्रह होता. सगळ्यांकडे पाठवायचं यंत्र नसलं तरी निदान ऐकायचं यंत्र तरी हवंच. रेडिओची तांत्रिक बाजू एरिश फेलगीबेल नावाच्या सिग्नल अधिकाऱ्याने लावून धरली. (हा फेलगीबेल पुढे जनरल झाला. 20 जुलै 1944 ला हिटलरला मारायला बॉम्ब ठेवला गेला तेव्हा मुख्यालयाचे फोन तोडायचं काम त्याच्याकडे होतं. हिटलर वाचला आणि सप्टेंबरमध्ये याला फाशी झाली. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

पॅन्झर-3 मध्ये पाच माणसं: कमांडर, तोफ चालवणारा, तोफ भरणारा, ड्रायव्हर आणि रेडिओवाला. कमांडर बहुतेक वेळ झाकणातून डोकं बाहेर काढून उभा. एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हाताने कडा धरलेली, तोंडावर वारा नि धूळ. त्याने हातात माइक धरायचा कधी? गळ्यातला माइक असला की छातीवरचं बटण दाबलं आणि बोललं. बरं, बोलायचं तरी काय? 'डावीकडे', 'थांब', 'आठशे मीटर', 'फायर'. मोजके, ठरलेले शब्द, ऐकणाराही तेच चौघे ओळखीचे. हे 'मोजके शब्द' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1940 च्या मे महिन्यात फ्रेंचांचे रणगाडे चिलखतात आणि तोफेत अनेकदा जर्मनांपेक्षा सरस होते. पण त्यातल्या पुष्कळांत रेडिओच नव्हता, काम झेंड्यांच्या खुणांवर चाले. वर बुरुजात एकटाच माणूस, तोच बघणार, तोच तोफ भरणार, तोच झाडणार आणि तोच झेंडा हलवणार. आपल्याकडे एकच डेव्हलपर कोड लिहितो, टेस्टिंगही करतो आणि क्लायंटचा फोनही तोच उचलतो, त्यातला प्रकार. फ्रान्स सहा आठवड्यांत पडला. कारणं अनेक, पण हे त्यातलं एक नक्की.

आता अमेरिकेकडे येऊ, कारण मोजणी तिथे झाली. अमेरिकन हवाई दलाच्या गळ्याच्या माइकचं नाव होतं टी-30. तो बनवणाऱ्या कंपन्यांत शुअर हीदेखील होती, तीच, जिचा एसएम-58 तुम्ही प्रत्येक गणेशोत्सवाच्या स्टेजवर (किंवा त्याची नक्कल तरी) पाहिलेला असतो.

बी-17 विमान डोळ्यासमोर आणा. प्रत्येकी 1200 अश्वशक्तीची चार इंजिनं. आतला भाग आजच्या प्रवासी विमानासारखा बंदिस्त नव्हे, बाहेरची हवा तीच आतली हवा. 25 हजार फुटांवर तापमान उणे चाळीसच्या आसपास, हवेचा दाब जमिनीवरच्या एक तृतीयांशाहून जेमतेम जास्त. दहा माणसं, एकमेकांपासून दूर, कोणी शेपटीत, कोणी पोटाखालच्या गोळ्यात. सगळ्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि हातात जाड हातमोजे. त्यांच्यात एकच दुवा, इंटरकॉमची वायर. शत्रूचं विमान दिसलं की दिशा घड्याळाच्या आकड्यांत सांगायची. नाकासमोर बारा, शेपटीत सहा. 'फाइव्ह' म्हणजे मागून उजवीकडून, 'नाइन' म्हणजे थेट डावीकडून. आता हे दोन शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघा. मधला स्वर एकच, 'आइ'. फरक आहे तो फक्त दोन टोकांच्या व्यंजनांचा. ती टोकं पुसली गेली तर बंदूकवाला चुकीच्या खिडकीकडे बघत बसणार.

अशा जागी गळ्याचा माइक म्हणजे देवच पावला, असं कोणालाही वाटेल. मास्कला हात लावायला नको, तोंडाच्या वाफेचा बर्फ माइकवर जमायची भीती नाही, दोन्ही हात मोकळे, इंजिनाचा आवाज आत शिरत नाही. कागदावर सगळ्या चौकटींत बरोबरची खूण. आणि ऐकायलाही आवाज कसा, तर भरदार, मोठा, खणखणीत.

फक्त काय म्हणतोय ते कळत नव्हतं.

म्हणजे अगदीच कळत नव्हतं असं नाही. अर्धवट कळायचं, आणि अर्धवट कळणं जास्त धोक्याचं. कारण माणसाचं डोकं उरलेलं अर्धं स्वतःच्या मनाने भरून टाकतं. असं का होतं हे समजायला 1939 सालात थोडं मागे जावं लागेल.

त्या वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेने व्होडर नावाचं बोलणारं यंत्र मांडलं. ते होमर डडली या इंजिनियरच्या कल्पनेतून आलं होतं. एक मुलगी पियानोसारख्या पट्ट्या दाबायची आणि यंत्र इंग्रजीत बोलायचं. डडलीचं म्हणणं असं, की बोलणं हे रेडिओसारखं असतं. गळ्यात स्वरतंतू एकसुरी गुणगुण तयार करतात, ती झाली वाहक लहर. मग जीभ, ओठ, जबडा हलून त्या गुणगुणीला आकार देतात, तो झाला संदेश. गुणगुण जोरात असते पण तिच्यात बातमी थोडी. बातमी असते तोंडाच्या हालचालीत.

याचा उलटा पुरावाही त्याच सुमारास मिळाला. सोनोव्हॉक्स नावाचं एक यंत्र निघालं, ज्यात दोन छोटे स्पीकर गळ्याला दोन बाजूंनी टेकवायचे. माइक नव्हे, स्पीकर! त्यातून आगगाडीचा किंवा वाद्याचा आवाज गळ्यात सोडायचा आणि माणसाने आवाज न काढता नुसतं तोंड हलवायचं. आगगाडी बोलू लागते. 1941 च्या डिस्नेच्या 'डम्बो'मध्ये केसी ज्युनियर नावाचं इंजिन बोलतं ते असंच. म्हणजे स्वतःचा गळा पूर्ण गप्प ठेवूनही माणूस बोलू शकतो, आणि लोकांना ते कळतं.

मग गळ्याचा माइक काय करतो? तो बरोबर त्या जागी जाऊन बसतो जिथे वाहक लहर तयार होते, संदेश चढायच्या आधी. तोंडातल्या घडामोडींचा थोडाफार अंश मांसातून झिरपत खाली येतो, नाही असं नाही. पण मऊ मांस हे उत्तम लो-पास फिल्टर आहे. जाड, खालचे सूर आरपार जातात, बारीक वरचे सूर वाटेतच मरतात. आणि 'स', 'फ', 'श', 'त' यांची ओळख नेमकी त्या वरच्या सुरांत असते, ती तयारच होते दातांपाशी नि ओठांपाशी. थोडक्यात, इंजिनाचा आवाज बाहेर ठेवायला बांधलेल्या भिंतीने व्यंजनंही बाहेरच ठेवली.

हे तत्त्व झालं. पण सैन्याला तत्त्व सांगून उपयोग नसतो. 'आवाज मोठा येतोय की! मग अडचण काय?' असं म्हणणारा वरिष्ठ प्रत्येक जमान्यात, प्रत्येक हापिसात असतोच. त्याला आकडा लागतो.

तो आकडा काढायचं काम हार्वर्ड विद्यापीठात झालं. 1940 साली तिथे युद्धाच्या तयारीचा भाग म्हणून दोन प्रयोगशाळा निघाल्या. एक एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाची सायको-अकूस्टिक लॅबोरेटरी, मेमोरियल हॉलच्या तळघरात. दुसरी लिओ बेरानेक या तरुण इंजिनियरची, आवाजाच्या यंत्रांसाठी. बेरानेकने 1943 मध्ये भिंतींवरून अजिबात प्रतिध्वनी येणार नाही अशी एक प्रचंड खोली बांधली, तिला लोक 'बेरानेकची पेटी' म्हणत. तळघरातल्या मंडळींचं काम मात्र याच्या अगदी उलट, खोलीत बॉम्बर विमानाएवढा गोंगाट भरायचा, 115 डेसिबलच्या आसपास, आणि त्यात माणसांना बसवायचं.

चाचणी साधी होती, आणि म्हणूनच मला ती भारी वाटते. एक जण गोंगाटात बसून माइकवर शब्दांची किंवा निरर्थक अक्षरांची यादी वाचतो. बाकीचे गोंगाटातच हेडफोन लावून जे ऐकू येईल ते लिहितात. शंभरातले किती बरोबर? बस्स. मग फक्त माइक बदलायचा, बाकी सगळं तेच ठेवायचं, पुन्हा मोजायचं. आवाज गोड आहे का, भरदार आहे का, वैमानिकाला आवडतो का, हे कोणी विचारत नाही. समोरच्याला कळलं का, एवढंच. ही पद्धत टेलिफोन कंपनीची. बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि मंडळींनी 1920 च्या दशकात ती चांगली घोटवली होती. त्यांना तेव्हाच दिसलं होतं की बोलण्यातले खालचे सूर काढून टाकले तर आवाजातली बहुतेक ऊर्जा जाते, पण कळणं फार कमी होत नाही. वरचे सूर काढले तर ऊर्जा जवळजवळ तेवढीच राहते आणि कळणं मात्र झपाट्याने घसरतं.

गळ्याचा माइक या चाचणीत मागे पडला. गोंगाट रोखण्यात तो पहिल्या नंबरचा, पण शब्द पोचवण्यात मागे. त्याच्यापुढे गेला तो टी-45, ओठाचा माइक, जो इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनी बनवायची. चश्म्यासारखे दोन फास कानांत अडकवायचे आणि छोटा माइक वरच्या ओठावर, मिशीच्या जागी.

टी-45 ची युक्ती ऐकण्यासारखी आहे. साध्या माइकचा पडदा एका बाजूने उघडा असतो. याचा दोन्ही बाजूंनी उघडा. इंजिनाचा आवाज लांबून येतो, तो पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच ढकलतो, म्हणजे पडदा जागचा हलत नाही. ओठ मात्र इतके जवळ, की पुढच्या बाजूला पोचणारा आवाज मागच्यापेक्षा कितीतरी जोरात. फरक उरतो तो बोलण्याचा. वजाबाकी! ना बॅटरी जास्त, ना जाड पट्टा. आणि ही वजाबाकी खालच्या सुरांत सगळ्यात चांगली जमते, जिथे इंजिनाची घरघर असते. वरच्या सुरांत ती कच्ची पडते, पण तिथे इंजिनाचा आवाजही कमी असतो. म्हणजे गळ्याचा माइक जे वरचे सूर मारून टाकत होता, ते इथे शाबूत राहिले.

उंचावर मास्कच्या आतच बसवलेला वेगळा माइक आणि खाली, मास्क नसताना, ओठाचा, अशी वाटणी झाली. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत टी-30 मागे पडत गेला. ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक तर आधीपासूनच मास्कमधल्या माइकवर बोलत होते. जर्मन वैमानिकांच्या चामडी टोप्यांना मात्र गळ्याचे माइक राहिले.

हार्वर्डच्या त्या तळघरातून बाहेर पडलेल्या दोन माणसांचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय आपल्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांचा लेख पुरा व्हायचा नाही.

पहिला जे. सी. आर. लिकलायडर. त्याने तिथे एक वेडा प्रयोग केला. बोलण्यात स्वर व्यंजनांपेक्षा ऊर्जेच्या हिशेबात शेकडो पट जोरकस असू शकतात. ट्रान्समीटरची ताकद ठरलेली, स्वरांनी ती सगळी खाल्ली की व्यंजनं बिचारी गोंगाटात बुडतात. मग स्वरांची शिखरं कापून टाकली तर? कापली. आणखी कापली. शेवटी इतकी कापली की लहर फक्त शून्याच्या वर आहे की खाली, एवढंच उरलं. आपल्या भाषेत एका नमुन्याला एक बिट. ऐकायला भयानक, कर्कश, पण बहुतेक शब्द कळत होते! गळ्याच्या माइकच्या अगदी विरुद्ध टोक. तिथे आवाज भरदार आणि अर्थ गायब, इथे आवाजाचा चोथा आणि अर्थ शिल्लक. पुढे हाच लिकलायडर बेरानेकच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन कंपनीत गेला, 1962 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पामध्ये कॉम्प्युटर संशोधनाचा प्रमुख झाला आणि सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं स्वप्न त्याने 1963 साली लिहून काढलं. 1969 मध्ये आर्पानेटची पहिली जोडणारी यंत्रं बनवली ती बेरानेकच्याच कंपनीने, आणि 1971 मध्ये तिथल्याच रे टॉमलिन्सनने ईमेलच्या पत्त्यात ते वाटोळं चिन्ह घातलं. ऐकणाऱ्याला कळलं का, हे मोजणारी माणसं नेटवर्ककडे वळली यात मला तरी योगायोग वाटत नाही.

दुसरा जॉर्ज मिलर, 'सात अधिक-उणे दोन' या 1956 च्या निबंधामुळे प्रसिद्ध असलेला. युद्धात त्याचा विषय होता शत्रूचं बोलणं गोंगाटाने कसं बुडवायचं. युद्धानंतर त्याने तोच विषय उलटा धरला. 1951 साली त्याने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गोंगाट तोच, यंत्र तेच, पण ऐकणाऱ्याला संभाव्य शब्दांची यादी आधी माहीत असेल तर कळण्याचं प्रमाण प्रचंड वाढतं. यादी जितकी छोटी तितकं सोपं. पॅन्झरमधले 'मोजके शब्द' आठवले? जर्मन रणगाड्यात गळ्याचा माइक का निभावला, याचं माझ्या मते अर्धं उत्तर इथे आहे. सोव्हिएत रणगाड्यातल्या त्या काळ्या, जाड पट्ट्यांच्या फुगीर टोप्यांनाही गळ्याचे माइक होते, आणि ते युद्धानंतरही कित्येक दशकं राहिले. दहा-वीस हुकूम ओळखायचे असतील तर उरलेसुरले सूरही पुरतात.

आणि आता वर्णमाला. 1955 मध्ये मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी इंग्रजीतली 16 व्यंजनं घेतली, प्रत्येकाला 'आ' जोडला (आपली काना दिलेली अक्षरंच म्हणा ना), वेगवेगळ्या गोंगाटात आणि फिल्टरमधून ऐकवली, आणि काय म्हटलं तर काय ऐकू आलं याचे तक्ते केले. मशीन लर्निंगवाले ज्याला कन्फ्यूजन मॅट्रिक्स म्हणतात, तेच. ते तक्ते वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो, कारण मला समोर हे दिसत होतं:

क ख ग घ ङ
च छ ज झ ञ
ट ठ ड ढ ण
त थ द ध न
प फ ब भ म

शाळेत बाईंनी घोकून घेतलेलं आठवा. आडवी ओळ म्हणजे उच्चाराची जागा: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. उभा रकाना म्हणजे प्रकार: पहिले दोन कठोर, पुढचे दोन मृदू, शेवटचा अनुनासिक. कठोर म्हणजे गळा थरथरत नाही, मृदू म्हणजे थरथरतो. मिलर-नाइसलींना काय आढळलं? वरचे सूर कापले, की गळा थरथरतोय का आणि आवाज नाकातून येतोय का, हे दोन्ही टिकून राहतं. पहिली जाते ती जागा. म्हणजे रकाना कळतो, ओळ कळत नाही. 'प' म्हटलं तर 'त' की 'क' याचा घोळ होईल, पण 'प'चा 'ब' सहसा होणार नाही. 'म'चा 'न' होईल, 'म'चा 'प' नाही. (लगेच 'हे आपल्याकडे आधीच होतं' असा फॉरवर्ड लिहायला बसू नका. तक्ता आपला जुना आणि अप्रतिम आहे, पण कुठल्या फिल्टरमधून त्यातलं काय गळतं हे मोजलं त्या लोकांनी.)

गळ्याचा माइक म्हणजे नेमका हा फिल्टर. रकाने ठेवतो, ओळी पुसतो. आणि गंमत बघा, 'कंठ्य' म्हणवणाऱ्या 'क'लाही तिथे खास वागणूक नाही. त्याचा स्फोट होतो जिभेच्या मागच्या भागापाशी, माइकच्या वर, आणि गळा तेव्हा गप्प असतो. कंठ्य असून कंठातल्या माइकला पत्ता नाही! पार, तार, चार, खार, सगळ्यांचा मिळून एकच 'आर'.

फोनवर हा घोळ आपण रोज सहन करतो, कारण जुन्या टेलिफोनची वरची मर्यादा 3400 हर्ट्झच्या आसपास. कस्टमर केअरला नाव सांगताना 'एम फॉर मुंबई, एन फॉर नाशिक' का म्हणावं लागतं? दोघं एकाच रकान्यातले, ओळ तेवढी वेगळी. 'एस' की 'एफ'? दोन्ही कठोर, दोन्ही नुसती फुंकर. विमान वाहतुकीसाठी 1956 मध्ये जी 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' बाराखडी जगभर लागू झाली तिचा उगम याच डोकेदुखीत आहे. तिथे नऊला 'नाइनर' म्हणतात आणि पाचला 'फाइफ', त्या 'फाइव्ह-नाइन'च्या भानगडीमुळे. मराठीत आपल्याकडे 'सहा' आणि 'दहा' आहेतच. 'सहा, सहा, पाचच्या पुढचे' असं कधी ओरडला नसाल तर तुमचं नेटवर्क भलतंच चांगलं असणार. :-)

गळ्याची थरथर टिपायची कल्पना मेली नाही, तिला तिच्या लायकीचं काम मिळालं. 2016 मध्ये आलेल्या अॅपलच्या एअरपॉड्समध्ये साध्या माइकबरोबर कंपन टिपणारा एक सेन्सर होता. तो शब्द ऐकत नाही. आत्ता जो आवाज येतोय तो कान लावलेल्या माणसाचाच आहे की शेजारच्या टेबलावरचा, एवढंच तो हाडांच्या थरथरीवरून ओळखतो. शब्द घ्यायचं काम माइककडे.

परवा आमचा एक बाइकवाला मित्र विचारत होता, ग्रुपने ताम्हिणीला जातो, वॉकीटॉकीला गळ्याचा माइक घेऊ का, हेल्मेटमध्ये वारा फार लागतो. मी त्याला विचारलं, गप्पा मारायच्यात की हुकूम द्यायचेत? गप्पा असतील तर हेल्मेटच्या आत ओठांपाशी येणारा, स्पंज लावलेला माइक घे, आणि ओठांच्या शक्य तितका जवळ ठेव, बोटभरही लांब नको. हुकूमच असतील तर गळ्याचा चालेल, पण पट्टा कातडीला नीट टेकला पाहिजे, मफलरवरून नाही, आणि शब्द आधी ठरवून घ्या. त्यांनी पाच शब्द ठरवले. त्यात 'स्टॉप' होता, तो मी काढायला लावला. गळ्याच्या माइकवर त्यातला 'स', 'ट' आणि 'प' तिन्ही जाऊन नुसता 'ऑ' उरतो. 'थांबलोय'चा 'थ' गेला तरी 'आंबलोय' उरतं, आणि घाटात तेवढं पुरे.